शेषरावांची वायर

“काप बे ते वायर,” शेषराव ट्रकच्या पायरीवर उभे राहून म्हणाले. “अन् वरून टेप मार, म्हंजे कोनाले दिसत नाही.”

स्टिअरिंगखाली डोकं घातलेल्या धम्मदीप मेकॅनिकने पक्कड वायरला लावली खरी, पण दाबेना. “काका, नवी गाडी हाय. मालक मले धरन.”

“मोताळ्यात असा एक डायवर दाखव, ज्यानं हा गवर्नर ठेवला!”

शेषराव थोडं वाढवूनच बोलत होते. पण ऐंशीच्या पुढे गाडी जाऊ न देणाऱ्या त्या यंत्रावर नाक्यावरच्या ड्रायव्हर मंडळींचं भारीच प्रेम! कुणी म्हणे, ओव्हरटेक करताना मधातच गाडीचा दम सुटते. कुणी म्हणे, माल उशिरा पोचला की बोलणी आपणच खायची. शेषरावांचं दुखणं आणखी वेगळं. ‘शेषरावची गाडी येऊन राह्यली, बाजूले व्हा’ हे ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. डबा आणला असेल म्हणून शेषरावांनी हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, “सरका. मले बसायचं हाय.”

शेषराव बघतच राहिले. लग्नानंतर एकदाच बाई त्यांच्या ट्रकमध्ये बसल्या होत्या. राजूर घाटात त्यांनी जे डोळे मिटले, ते मोताळ्यात येऊनच उघडले. पुन्हा या माणसाच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी खाली उतरून जाहीर केलं होतं. तेव्हापासून माहेर असो की लेकीचं घर, बाई एसटीने जायच्या. शेषरावांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. आता संक्रांतीनंतर ते स्टिअरिंग सोडणार होते. बायकोला शेजारी बसवून एकदा तरी न्यायचं, एवढंच मनात राहून गेलं होतं.

“सूनबाई म्हने, आता गाडीले लगाम लावला,” बाई म्हणाल्या. “ऐंशीच्या वर पळतच नाही म्हने. खरं हाय?”

धम्मदीपने शेषरावांकडे पाहिलं. पक्कड अजून वायरवरच होती.

“हाव,” शेषरावांचा आवाज जरा बारीकच निघाला. “खरं हाय. धम्मदीप, निघ बे भाईर.”

साखरखेर्ड्याला गुरांच्या ढेपेची पोती टाकायची होती आणि लेक संजीवनी तिथेच दिलेली. घाट चढेपर्यंत बाईंनी समोरची दांडी सोडली नाही. चिखली मागे पडल्यावर मात्र सैल झाल्या. दोन्हीकडे तूर फुलली होती.

“अवो, वरून लय दूरचं दिसते!” त्या म्हणाल्या. “एवढे दिवस सांगतलं काऊन नाही?”

“तूच बसत नव्हती!”

“तुमी बसू देत होते का? उडवत होते!”

दोघंही खो खो हसत सुटले. शेषरावांना वाटलं, आज गाडी जिथवर नेईल तिथवर जावं.

मागून नाक्यावरचाच कुलदीप हॉर्न बडवत आला आणि बाजूने जाताना ओरडला, “काका, तब्येत बरी हाय ना?” सवयीने शेषरावांचा पाय खाली गेला. काटा ऐंशीला अडकून राहिला. कुलदीपचा ट्रक लहान लहान होत गेला आणि आश्चर्य म्हणजे शेषरावांना काहीच वाटलं नाही. उलट त्यांनी त्याला उगाचच एक हॉर्न दिला, लग्नाच्या वरातीतल्यासारखा.

लव्हाळ्याच्या वळणावर बाईंचं बोलणं थांबलं. शेषरावांनी वळून पाहिलं. सत्यभामाबाई चक्क झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, मान खिडकीशी टेकलेली, दांडीवरचा हात कधीच मांडीत येऊन पडलेला.

पुढचा रस्ता खडबडीत होता. शेषरावांनी गाडी साठवर आणली, मग चाळीसवर, मग त्याहूनही खाली. मागून एकाने हॉर्न वाजवला, लगेच दुसऱ्याने. शेषरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ते हातानेच सांगत राहिले, वाजवू नका, जा पुढे, निघा.