थांबले तर हिंजवडी

पळणे आणि धावणे यांत फरक आहे, हे मी तीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवलं. माणूस पळतो तो कशापासून तरी. चोर पळतो, गृहपाठ न केलेला मुलगा पळतो. धावतो तो कशाकडे तरी. म्हणून आई हाकेला धावून येते, पळून येत नाही. वर्गातल्या पोरांना हे एका तासात कळलं. माझ्या स्वतःच्या पोराला, शहेजादला, कळावं म्हणून मला एकसष्टाव्या वर्षी दहा किलोमीटर धावावं लागलं.

मी नसीमबानू. राहणार कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सुरुवात बसमुळे झाली. मंडईतून परत येताना ड्रायव्हरनं अगदी माझ्या नाकासमोरून बस काढली. एरवी मी मनातल्या मनात त्याचा उद्धार करून पुढच्या बसची वाट पाहिली असती. त्या दिवशी अंगात काय संचारलं कोण जाणे, दोन्ही पिशव्या काखेत मारल्या आणि धावले. पुढच्या सिग्नलला गाठलीच. कंडक्टर म्हणाला, "काकू, ऑलिंपिकला नाव द्या."

"आधी तिकीट द्या," मी म्हणाले.

पण खिडकीशी बसल्यावर मला हसू आवरेना. छाती धडधडत होती आणि मी एकटीच हसत होते. माझे मिस्टर, कासिम, गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर जायला लागले. सलवार-कमीज, ओढणीला कमरेशी गाठ, पायात जुने कॅनव्हासचे बूट. आधी थोडं धावायचं, बरंचसं चालायचं. मग हळूहळू उलटं होत गेलं. सोसायटीतल्या लोकांनी विचारलं, "बाई, या वयात?" म्हटलं, "पुढच्या वयात जमेल की नाही काय सांगावं, म्हणून या वयात."

शहेजादला मात्र सांगितलं नव्हतं. तो हिंजवडीला एका कंपनीत आहे, राहतोही तिथेच, एकोणिसाव्या मजल्यावर. मागे एकदा जिन्यात माझा पाय मुरगळला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: हा फ्लॅट विकू, तू आमच्याकडे ये. त्यात मी धावते म्हटल्यावर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं.

आणि ते त्यानं केलंच. एका सकाळी मी मोबाइल घरीच विसरले. त्यानं फोनवर फोन केले, मी उचलेना. मग शेजारच्या दीपमालाला लावला. तिच्याकडे मिक्सर चालू. ती त्या आवाजावर ओरडली, "अरे, बाई तर पहाटेच पळाल्या!"

आता याचा अर्थ कुठलाही मराठी माणूस काय घेईल?

दोन तासांनी, हिंजवडीचं सगळं ट्रॅफिक कापून, साहेब दारात. मी चहात खारी बुडवत होते. त्यानं आधी मला पाहिलं, मग आतल्या खोलीत डोकावलं. "कोणाबरोबर?" हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण मुलावर संस्कार चांगले आहेत, विचारलं नाही.

खरा प्रकार कळल्यावर तो जास्तच भडकला. "एकदा जिन्यात पडलीस ते पुरे नाही झालं? आता रस्त्यावर पळतेस?"

"धावते," मी म्हणाले.

"तेच ते! बस झालं, अम्मी. ब्रोकरशी मी बोललोय. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक बघायला येईल."

मुलगा वाईट नाही हो. त्याच्या इमारतीत तीन-तीन लिफ्ट आहेत, खाली ज्येष्ठांसाठी बाकं आहेत, आणि सून यास्मिन तर लाखात एक आहे. पण मला पडायची भीती नव्हतीच. मला भीती होती ती ठेवून दिलं जाण्याची. थंडी संपली की रजया कशा धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेवतात, तशी. या घराच्या जिन्यावरून मी कासिमबरोबर वर आले होते. खाली कधी उतरायचं ते मी ठरवणार होते.

म्हणून मी पैज लावली. जानेवारीत आमच्याच भागात दहा किलोमीटरची शर्यत असते. म्हटलं, "न थांबता पुरी केली तर फ्लॅटचं नाव पुन्हा काढायचं नाही. एक पाऊल जरी थांबले, तर खलबत्त्यासकट तुझ्याकडे येईन."

तो हसला. "चालेल. पण मीपण शेजारी पळणार. तू पडलीस तर उचलायला कोणीतरी हवं."

यास्मिननं मला चांगले बूट आणून दिले आणि कानात म्हणाली, "अम्मी, त्यांनी जिमची फी भरलीय, जिमचं तोंड नाही पाहिलं."

शर्यतीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. शहेजादच्या मनगटावर छातीचे ठोके मोजणारं घड्याळ, डोक्याला पट्टी, पायात पोपटी बूट. सुरुवातीला तो हरणासारखा सुटला आणि अधूनमधून मागे वळून "ठीक आहेस ना?" विचारत राहिला. मी उत्तर दिलं नाही. दम बोलण्यात घालवायचा नसतो. राजाराम पुलाजवळ मी त्याच्या बरोबरीला आले. परतीच्या वळणावर मीच विचारलं, "ठीक आहेस ना?" त्यानंही उत्तर दिलं नाही.

पुढे मी एकटीच होते. पाय हलके पडत होते, श्वास लागत होता तो बरोबर मापात. घर माझंच राहणार, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं. चावी माझ्याच पर्समध्ये राहणार.

आणि मागून हाक आली. "अम्मी!"

ती हाक मी ओळखते. लहानपणी सायकलवरून पडला की अशीच मारायचा. मागे वळून पाहिलं तर तो रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसलेला, चेहरा पांढराफटक. परत फिरायचं की नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही. पाय थांबू कसे द्यायचे नाहीत, एवढाच पडला.

मी उलट दिशेनं धावत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्याभोवती फिरायला लागले.

"अगं, काय करतेयस?"

"न थांबता, असं ठरलंय. पाय लांब कर. चवडा स्वतःकडे ओढ. अजून ओढ!"

"अम्मी, थांब ना!"

"थांबले तर हिंजवडी."

दीपमाला वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारते, तशा माझ्या त्याच्याभोवती फेऱ्या चालू. फरक इतकाच की वड कण्हत नाही. येणारेजाणारे टाळ्या वाजवायला लागले. एक स्वयंसेवक पाण्याची बाटली आणि दुखण्यावरचा स्प्रे घेऊन आला, तर त्यालाही मी म्हटलं, "मधून बाजूला व्हा."

"थांब, कोणी मोजत नाहीये," शहेजाद म्हणाला.

"आज नाही. उद्या तूच मोजशील."

त्यानं हात पुढे केला. मी जागच्या जागी पाय उचलत त्याला ओढून उभं केलं. उरलेलं अंतर तो लंगडत आला आणि मी त्याच्या शेजारी, मुंगीच्या वेगानं, पण धावत. शेवटच्या कमानीखाली यास्मिन उभी होती. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. कमान ओलांडली आणि मगच मी थांबले.

"माझ्याकडेच चला, जवळ आहे," मी म्हणाले. यास्मिन औषधाच्या दुकानात गेली आणि मी त्याला घेऊन जिन्याशी आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, असा तो चढला. दुसऱ्या मजल्यावर खालीच बसला. मी शेजारी उभी राहिले. काही बोलले नाही. पुण्यात राहूनही बोलले नाही, याची नोंद घ्यावी.

घरात आल्यावर त्याला दिवाणावर आडवं केलं, पायाखाली उशी दिली. घरात बर्फ नव्हता. म्हटलं, कोपऱ्यावरून घेऊन येते. दाराबाहेर बुटांची नाडी बांधत होते, तेवढ्यात आत त्याचा फोन वाजला.

"हां, बोला... नाही हो, फ्लॅट विकायचा नाही. नाही, किमतीचा प्रश्नच नाही. आमच्या अम्मी राहतात इथे." मग थोडा वेळ तो ऐकत होता. "त्यांच्याशी? आत्ता नाही बोलता येणार. खाली गेल्यात." पुन्हा जरा थांबला. "पळत नाही हो. धावत."

मी नाडीची गाठ पक्की केली आणि तीन मजले उतरले. धावतच.