पिशवीतले पाणी गढूळ दिसले, तर

मी एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचे एक जुने पान आहे. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही की माझे कोपरे दुमडत नाहीत. त्यामुळे माझे हाल झाले, तरी ते कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

मला एका नर्सबाईंनी लिहिले. किडन्या निकामी झालेली काही माणसे घरीच पोटातून डायलिसिस करतात. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचे आणि काही तासांनी पिशवीत काढायचे. नर्सबाईंनी आधी लिहिले, 'द्रव अपारदर्शक आढळल्यास'. मग त्या स्वतःच हसल्या. "हे वाचून माझी आई तरी फोन करेल का?" त्यांनी ते खोडून लिहिले, 'पिशवी छापील कागदावर ठेवा. अक्षरे वाचता आली नाहीत, तर पाणी गढूळ आहे. पोटात जंतू शिरले असतील. लगेच फोन करा.'

एका शिंप्याच्या घरी मी रोज उघडले जाई. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. शिंपीकाका मशीन थांबवून पोटातले पाणी बदलायला आत येत आणि काकू मोबाइलवर माझ्यातल्या रोजच्या पायऱ्या मोठ्याने वाचत.

"अगं, पाठ झालंय तुला."

"असू दे. तुमचं पोट आहे ते, ब्लाउज नाही उसवून परत शिवायला!"

गढूळ पाण्याचा भाग अगदी शेवटी होता. तिथवर जायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग रुग्णालयाचे संकेतस्थळ नवे झाले. हसऱ्या डॉक्टरांचे मोठमोठे फोटो आले. मी मात्र मागेच राहिले. माझा पत्ता टाकला की उत्तर येई, 'हे पान सापडले नाही.'

नेमके तेव्हाच काकांच्या पिशवीतले पाणी ताकासारखे दिसले. काकूंनी मला शोध शोध शोधले. मी सापडले नाही. सापडले एक चूर्ण विकणारे पान. त्यावर लिहिले होते, 'शरीर शुद्ध होत असल्याची खूण.'

"बघ, चांगलंच आहे म्हणतायत," काका म्हणाले. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

काकूंचे मन मानेना, पण त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला, पोट दगडासारखे झाले. तेव्हा काकूंनी वॉर्डात फोन केला.

काका वाचले. पण नळी काढावी लागली. आता आठवड्यातून तीनदा त्यांना रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्राला जोडतात आणि त्या दिवशी दुकान बंद असते.

"ते पान का काढलंत हो?" काकूंनी नर्सबाईंना विचारले.

"काढलं नाही, काकू. नवीन साइटवर घ्यायचं राहून गेलं."

"राहून गेलं," काकू एवढेच म्हणाल्या.

नर्सबाईंनी धावपळ करून मला परत आणले. काकूंना शेजारी बसवून विचारले, "यात काय बदलू?"

मित्रांनो, माझ्यासारखे पान वाचाल, तेव्हा ते कुणी लिहिले आणि कधी तपासले, हे आधी बघा. जे आम्हाला सांभाळतात, त्यांनी नवे घर बांधताना आम्हाला मागे टाकू नये. आमच्या भरवशावर कुणाचा तरी जीव असतो.

काकूंनी मला सावकाश वाचले. मग माझ्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सगळ्यात वर घ्या. आणि लिहा, घरातला माणूस नको म्हणाला, तरी फोन करा."

आता माझी सुरुवात तिथूनच होते.