एक ढकलतोय, एक ओढतोय

नवरात्रातल्या कार्यक्रमात बास गिटार वाजवायला मीनानं होकार दिला, त्या दिवसापासून तिचा नवरा नंदकुमार घरात गप्प गप्प असायचा. लग्नाआधी ती कॉलेजच्या ग्रुपमध्ये बास वाजवायची. मग लग्न झालं, नेरूळला बिऱ्हाड थाटलं, क्षिप्रा झाली, आणि गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. आता सोसायटीतल्या हौसेरावांच्या ऑर्केस्ट्रातला बासवाला दुबईला गेला, म्हणून त्यांनी मीनाला विचारलं. गिटार खाली काढली, तर तिचे दोन्ही पिकअप खलास. तारांची थरथर पकडणाऱ्या त्या चुंबकाच्या पट्ट्या दमट हवेनं खाल्ल्या होत्या. एकातून नुसती खरखर यायची, दुसरा मुका.

जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या भावानं, इंद्रजितनं, सिंगापूरहून नवी जोडी आणून दिली. दादरच्या कारागिराकडे दिवाळीपर्यंत रांग होती. तेव्हा नंदकुमार म्हणाला, मी बसवतो.

तो तळोज्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता, तरी मीनाचा भरवसा बसेना. दुरुस्तीला घेतलेला घरचा मिक्सर त्यानं भंगारात पोचवला होता. शिवाय गिटार बिघडली तर त्याला वाईट वाटेल की बरं, हेही तिला सांगता येईना.

रविवारी सकाळी त्यानं चादर अंथरून गिटार आडवी ठेवली, तारा सैल केल्या, जुने पिकअप उपसले, नवे बसवून वायरी सोल्डरनं डागल्या. स्क्रू आवळताना त्याच्या कपाळावर घाम होता. तारा जुळवून मीनानं ॲम्प्लिफायर लावला.

आवाज आला, पण पातळ, पोकळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. नंदकुमारचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "वाट लावली मी."

मीनाला रडू येत होतं. पण हात चाळा सोडेनात. तिनं एका पिकअपचं बटण बंद केलं. आवाज भरदार. ते चालू करून दुसरं बंद केलं, तरी भरदार. दोन्ही लावले की पुन्हा पोकळ.

"अहो, एकेकटे नीट वाजतायत. एकत्र आले की मरतायत."

नंदकुमारनं दोन्ही बटणं स्वतः फिरवून पाहिली. मग हसलाच. "एक ढकलतोय, एक ओढतोय. एकाच्या दोन वायरी उलट लागल्यात, बस."

त्यानं पुन्हा गिटार उघडली, मागच्या पिकअपच्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींच्या जागी डागल्या. मीनानं सर्वांत जाड तार छेडली. खोल, गोल सूर खोलीभर पसरला, मांडणीतली ताटं थरथरली, आतल्या खोलीतून क्षिप्रा धावत आली.

नंदकुमार भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "इतके दिवस धास्ती होती मला. एवढ्या वर्षांनी तू वाजवणार, अन् लोक हसले तर तुझं काय होईल. आज वाटलं, आता माझ्याच हातून थांबतंय सगळं."

मीना गिटार मांडीवर तशीच धरून बसली. त्याच्या गप्प राहण्याचा तिनं केवढा भलता अर्थ लावला होता. छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला झालं. ती म्हणाली, "हसू देत. तुम्ही पुढच्या रांगेत बसा म्हणजे झालं."

मग क्षिप्रानं आणखी वाजव म्हणून हट्ट धरला, आणि दुपारचा स्वयंपाक नंदकुमारलाच करावा लागला.