अर्ध्यावर थांबलेले खांब

गेराऊ गवंड्याने ओळंबा सोडला. भिंतीला चिकटलेला खांब छतापासून सरळ खाली येत होता आणि पुरुषभर उंचीवर मध्येच संपत होता. चर्चच्या मागच्या भागातले आठही खांब असेच अधांतरी होते.

"कामचुकार होते लेकाचे," तो म्हणाला.

नवे मठाधिपती हसले. साधेपणाचं व्रत घेतलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या मठात मूर्ती नकोत, रंगीत काचा नकोत, हे त्यांना मान्य होतं; पण अर्धवट काम त्यांना खपत नव्हतं. सगळे खांब जमिनीला टेकवायचे, असं त्यांनी सांगितलं.

दाराशी उभ्या पोन्सचा चेहरा पडला. मठाची शेतं कसणाऱ्या, दगड फोडणाऱ्या दाढीवाल्या बंधूंपैकी हा म्हातारा एकटाच उरला होता. बाकीचे साथीत गेले आणि चर्चमधली त्यांची बाकं पुढे सरपणात गेली. बंधूंनी चर्चमध्ये मौन पाळायचं, म्हणून तो काही बोलला नाही. कुठूनशी एक तिवई ओढत आणून तो एका खांबाखाली भिंतीला पाठ लावून बसला. प्रार्थनेची घंटा झाली तसा उभा राहिला. खांबाचं टोक त्याच्या डोक्याच्या वर बरोबर चार बोटं राहिलं.

मघाचे आपले शब्द आठवून गेराऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ओळंबा गुंडाळला.

"महाराज, हे अर्धवट नाही. खाली माणसं बसायची, त्यांच्यासाठी जागा सोडलीय."

मठाधिपतींनी बराच वेळ वर पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"मग हा एक राहू दे. बाबा आहेत तोवर."

पोन्सने मान लववली. निदान म्हाताऱ्याचं मन राखलं गेलं, म्हणून गेराऊला बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी पहिला दगड घेऊन तो शेजारच्या खांबाशी आला, तर पोन्स तिवई टाकून तिथे बसलेला.

"बाबा, तुमचा तो पलीकडचा. त्याला मी हात लावत नाही."

पोन्सने आजूबाजूला पाहिलं. पन्नास वर्षं सांभाळलेलं मौन त्याने मोडलं.

"तो माझा. इथे मिकेल बसायचा."

एवढं बोलून तो उठला आणि तिवई उचलून पुढच्या खांबाकडे निघाला. गेराऊने दगड खाली ठेवला आणि त्याच्या हातातली तिवई आपल्याकडे घेतली.

"आणि तिथे कोण?" त्याने हळूच विचारलं.