शार्कच्या जबड्यातल्या खुणा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण टेबल रिकामं व्हायला अजून वीस मिनिटं आहेत आणि तुम्ही माझ्याच तोंडात बाकावर बसला आहात. म्हणजे ऐकावं तर लागेलच.

मी एक जुना शार्क आहे. टर्नस्टोन बे नावाच्या खाडीच्या वाळूला लागून नोरीन पास्कोचं हॉटेल आहे, त्याचं दार म्हणजे माझा जबडा. आत समुद्री चाच्यांच्या टोप्या घातलेले वाढपी तळलेला मासा आणि कोळंबीची ताटं घेऊन धावतात. माझा जन्म मर्व्हच्या शेडमध्ये झाला. मर्व्ह लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या बनवायचा. शार्क त्याने फक्त ताटात पाहिला होता, त्यामुळे मला पापण्या आहेत.

लोक म्हणतात, मला इथे ट्रकवर टाकून आणलं. काहीतरीच! मी पोहत आलो. वाटेत दोन होड्या आणि एक दीपस्तंभ गिळला. दीपस्तंभ पचायला जड गेला. आठवडाभर माझ्या नाकपुड्यांतून उजेड पडत होता.

माझे खरे सुखाचे दिवस म्हणजे नाताळच्या सुट्ट्या. गावोगावची कुटुंबं समुद्रावर येतात आणि पहिल्या संध्याकाळी इथे जेवतात. जेवणाआधी पोराला माझ्या जबड्याच्या उजव्या बाजूला उभं करायचं, डोक्यावर ताटली आडवी धरायची आणि नोरीनने कालवं उघडायच्या सुरीने ताटलीच्या रेषेत माझ्यावर खाच पाडायची, ही इथली रीत. शेजारी नावाचं अक्षर आणि साल. पोरं दरवर्षी चार बोटं वर सरकायची. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी हललो नाही. हललो असतो तर कित्येक पोरं बुटकी राहिली असती.

त्या गर्दीत एक जण पोर नव्हता. कीथ हारग्रेव्ह, लांबच्या कोरड्या मुलखात मेंढ्यांची लोकर कातरणारा. पहिल्या वर्षी बायकोला, ओल्वेनला घेऊन आला आणि सरळ रांगेत उभा राहिला.

"अहो, हे पोरांसाठी आहे," नोरीन म्हणाली.

"आम्हाला पोरं नाहीत, म्हणून आम्ही मोजायचंच नाही की काय?"

मग तेहतीस वर्षं ओल्वेनने ताटली धरली आणि नोरीनने खाच पाडली. पहिली वीस वर्षं सगळ्या खाचा एकाच जागी, एकीवर एक. पुढे त्या खाली उतरायला लागल्या.

"नोरीन, तुझा शार्क वाढतोय गं!"

"शार्क नाही वाढत, कीथ. तू आटतोयस."

"ओल्वेन, दाबू नकोस ताटली!"

"मी कुठे दाबतेय? आयुष्यभर मेंढ्यांवर वाकलास, ते दाबतंय."

सगळं हॉटेल हसायचं. माझ्या तर पापण्या ओल्या व्हायच्या.

यंदा खाऱ्या वाऱ्याने माझे पोपडे निघाले. नोरीनने रंगारी बोलावला आणि घाईत सांगितलं, "सगळं गुळगुळीत कर बाबा, सुट्ट्या तोंडावर आल्यात." उजवी बाजू सोड, हे सांगायचं ती विसरली. कामाचा चोख माणूस तो! भेग दिसली की पुट्टी, खाच दिसली की पुट्टी, वर लाल रंगाचे तीन हात. मी ओरडलो, पण तोंडात पुट्टी असल्यावर कोण ओरडू शकतं?

काल ओल्वेन आली. एकटीच. तिने उजव्या बाजूवरून तळवा फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर.

"नोरीन, कीथ कुठे गेला गं?"

"गाडी लावत असेल ना? येईलच," नोरीन ताटं पुसता पुसता म्हणाली.

"नाही गं. तो जूनमध्ये गेला. मी त्याला इथे बघायला आले होते."

नोरीनच्या हातातलं ताट तिथेच राहिलं. ओल्वेनच कसनुसं हसून म्हणाली, "असू दे. रंग छान दिसतोय." एक मासा मागवला, अर्धा ठेवला. उद्या सकाळच्या बसने ती परत जाणार आहे.

आता नीट ऐका, मित्रांनो. आज दुपारी हॉटेल बंद असताना मी काय केलं? अख्ख्या खाडीचं पाणी तोंडात ओढलं! होड्या वाळूवर बसल्या. मग अशी गुळणी केली की एकेका खाचेतली पुट्टी गोळीसारखी उडाली. बाहेरच्या पेलिकन पक्ष्यांनी ती मासे समजून झेलली. अजून बिचारे चोच उघडू शकत नाहीत. आणि कीथच्या खाचा, सगळ्या तेहतीस, मोकळ्या झाल्या.

मघाशी ओल्वेन आली. तिचं बोट एकेका खाचेवरून खाली उतरलं. शेवटची खाच तिच्याच कपाळापाशी आहे. तिने तिथे कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. रांगेतल्या कुणीही "चला, पुढे व्हा" म्हटलं नाही. आता ती त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आहे, आणि आज मासा संपवते आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूवर रंग चढवण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवून बघा. कुणाचं काय त्यात राहिलंय, सांगता येत नाही. आणि दर वेळी निस्तरायला माझ्यासारखा पराक्रमी शार्क थोडाच...

"खोटं! साफ खोटं!"

ही ब्रिडी. नोरीनची नात, वय वर्षं सात. बाकावर उभी राहून ओरडते आहे.

"शार्कने काहीसुद्धा केलं नाही! दुपारभर आजी इथे गुडघ्यांवर बसून सुरीच्या टोकाने पुट्टी उकरत होती. मी दिवा धरला होता. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. बघा ना तिची बोटं, तीन बोटांना चिकटपट्ट्या लावल्यात!"

नोरीनने चटकन हात एप्रनच्या खिशात घातला.

खिडकीजवळ ओल्वेनने काटा खाली ठेवला. उठली, टेबलांमधून वाट काढत नोरीनसमोर येऊन उभी राहिली.

"दाखव गं हात," ती म्हणाली.