दोन ठिकाणी मोडलेला जबडा

मी एक जबडा बोलतोय. खालचा. वरचा जबडा कवटीला पक्का असतो, तो जागचा हलत नाही. माणूस जेवतो, बोलतो, भांडतो, जांभई देतो, ते सगळं माझ्या जिवावर.

मी सत्यभामाचा. आष्टी तालुक्यात, कडा गावापासून आत गेलं की तिचं सासर लागतं. ती जन्मली तेव्हा मी दोन तुकड्यांत होतो. वर्षाच्या आत मधोमध सांधलो. पुढं मी ऊस सोलला, बाजरीची कडक भाकरी चावली, हरभरे फोडले. चाळीस वर्षं तिला माझी आठवणही आली नाही. हाड धड असलं की त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

गावच्या दूध संस्थेवर ती संचालक झाली, तेव्हा माझं काम वाढलं. बैठकीत बाकीच्या बाया पदर ओढून बसायच्या. सत्यभामा बोलायची.

मग सलग दुसऱ्या साली पाऊस गेला. विहिरींचा तळ दिसू लागला. संस्थेनं जनावरांच्या पाण्यासाठी टँकर लावला. तो संस्थेच्या हौदात रिकामा व्हायचा आणि तिथून घरोघरच्या म्हशींना पाणी मिळायचं. पण हौद काही भरेना. अध्यक्ष होते बबनराव, सत्यभामाचे चुलत दीर. टँकर आधी त्यांच्या मोसंबीच्या बागेत जातो, हे गावाला ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

एका सकाळी सत्यभामा शेजारच्या छबुबाईला घेऊन थेट बागेत गेली. टँकरचा पाइप शेततळ्यात सोडलेला होता. बबनराव हातात लोखंडी पाना घेऊन वॉल्व्ह उघडत होते.

"भावजी, पाइप काढा. म्हशी टाचा घासून मरायल्यात तिकडं."

"वहिनी, घरी जा. बायामाणसाचं काम न्हाई हे."

सत्यभामानं वाकून पाइप ओढला. बबनरावांचा हात फिरला. पाना माझ्या डाव्या कोपऱ्यावर, कानाच्या खाली बसला. मी तिथं मोडलो. धक्का पुढं गेला आणि उजव्या सुळ्याजवळही मला भेग पडली. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तो माझाच होता.

बबनरावांच्या माणसानं तिला जीपमध्ये घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. "टँकरच्या शिडीवरून पडल्या," त्यानंच सांगितलं. सत्यभामानं मान हलवली. दुसरं काय करणार? तो शेजारीच उभा होता.

तिथल्या डॉक्टर रुकसाना तोंडाची, जबड्याची हाडं बघायच्या. बीडमधल्याच एका मेकॅनिकची लेक. जिल्ह्यात माणसांच्या चेहऱ्याची हाडं कशानं मोडतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. मोटरसायकलवरून पडलेले सगळ्यांत जास्त. मग मारामारीतले, ट्रॉलीवरून पडलेले, बैलानं उडवलेले. प्रत्येकाचं कारण त्या लिहून घ्यायच्या.

त्यांनी माझा एक्स-रे फोटो उजेडावर धरला आणि त्या माणसाला बाहेर पाठवलं.

"बाई, उंचावरून तोंडावर पडलेल्याची हनुवटी फुटते. बऱ्याचदा कानापुढची दोन्ही हाडं जातात. तुमच्या हनुवटीला ओरखडासुद्धा नाही. डावा कोपरा मोडलाय आणि उजवीकडं पुढं भेग आहे. असं कुणी समोरून मारलं की होतं. उजव्या हाताच्या माणसानं."

सत्यभामानं दाराकडं पाहिलं. रुकसानांनी दार लावून घेतलं.

"पडले म्हणून सांगणाऱ्या लई बाया येतात माझ्याकडं. मी तसंच लिहीत गेले, तर उद्या वाचणारा म्हणेल, या जिल्ह्यातल्या बायकांना नीट चालताच येत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा हलावंसं वाटलं. कळ डोक्यात गेली, तरी हललो.

"दिरानं मारलं," सत्यभामा म्हणाली. "पान्यानं."

रुकसानांनी तेच लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. पोलिसांनी येऊन तिची तक्रार नोंदवून घेतली. मग दातांवर दात ठेवून मला तारांनी बांधलं. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. आंबील, ताक, पातळ वरण, जे काही असेल ते दातांच्या फटीतून.

घरी आली तर बबनरावांचा निरोप तयार होता. तक्रार मागं घ्या, नाहीतर टँकर बंद. तीन दिवस टँकर आलाच नाही. लोक ओट्याशी येऊन बसू लागले. "मिटवा की," म्हणू लागले. नवरा धोंडीरामही एका दुपारी म्हणाला, "सत्यभामा, जनावरं तडफडायलीत. गाव आपल्या नावानं बोटं मोडील."

ती उठली. मोकळी बादली घेऊन आपल्या म्हशीपाशी गेली आणि तिच्या कोरड्या नाकावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही हरली. पण परत आली आणि तारांच्या आडून म्हणाली, "रविवारी संस्थेची सभा हाय. मी जाणार."

सभेला मंदिरापुढचा मंडप भरला होता. बबनराव खुर्चीत बसले होते.

"वहिनी, आज तोंड कावून मिटलंय?" ते म्हणाले. काही जण हसले.

सत्यभामा उभी राहिली. दात बांधलेले होते, पण ओठ मोकळे होते, जीभ मोकळी होती. मी ताठ राहिलो. एकेक शब्द फटीतून बाहेर आला.

"मी पडले न्हाई. बबनरावानं मारलं. आपलं पाणी बागेत जातंय म्हणून इचारलं, म्हणून मारलं."

ऐकायला सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. हसणं थांबलं.

"मी तिथंच होते," मागून छबुबाई उठली. "मी पाह्यलं. इतके दिस भ्याले, चुकले."

धोंडीराम खाली बघत बसला होता. तो उठून बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग चार बाया उठल्या, मग गडी. अध्यक्ष बदला, असा ठराव त्याच मंडपात हात वर करून झाला. दुसऱ्या दिवसापासून टँकर हौदापाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा होऊ लागला.

सहाव्या आठवड्यात तारा निघाल्या. पहिल्यांदा मी बोटभरच उघडलो. रोज थोडं थोडं करत महिन्याभरात भाकरीपर्यंत आलो.

आता मी भरून आलोय. डाव्या कोपऱ्यावर हाताला एक गाठ लागते आणि थंडीत ठणक उठते. त्याचं मला काही नाही. माझं मागणं एवढंच आहे: घरात कुणाचं हाड मोडलं, तर डॉक्टरला खरं सांगा. सांगायची भीती वाटणाऱ्याला जरा एकटं बसवून विचारा. आम्ही हाडं काय झालं ते दाखवू शकतो, मारणाऱ्याचं नाव घेऊ शकत नाही.

सोमवारी आष्टीच्या कोर्टात सत्यभामाची साक्ष आहे. वकील उलटसुलट विचारतील, म्हणतात. विचारू देत. मी नीट उघडतो आता.