चार दिवसांचं काम

फॉर्मवर प्रश्न होता, 'सायकल चालवता येते का?' मी बेधडक 'हो' लिहिलं आणि त्या एका अक्षरानं आमच्या घराची झोप उडवली.

तसं ते खोटंही नव्हतं. अकरावीपर्यंत मी रहिमतपुरात पोरांची नळीवाली सायकल हाणत होते. मग कोरेगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, मांडीत सळई बसली आणि उजवा गुडघा जो सरळ झाला तो सरळच राहिला. वाकतच नाही. पण अब्बांना विचाराल तर त्यांचं एकच पालुपद, "पोरीचा पाय जरा दुखतुय." सात वर्षं झाली, माझा पाय जरा दुखतोय.

सांगलीच्या एका संस्थेला टीबीच्या गोळ्या घरपोच देणारी बाई हवी होती, आमच्या भागातल्या अकरा वस्त्यांसाठी. सायकल संस्था देणार होती, पण कोणाला स्वतःची आणायची तर हरकत नव्हती. लेखी परीक्षेत मी पहिली आले. आता सोमवारी सांगलीत सायकल चालवून दाखवायची, की नेमणूक हातात. वयाची अट पंचविसाची आणि मला पंचवीस पुढच्या महिन्यात पूर्ण होणार. याआधी चार ठिकाणी माझी चाल बघून 'कळवतो' म्हणाले होते. अजून कळवतायत. इकडे अम्मीनं म्हसवडच्या एका विधुराचं स्थळ धरून ठेवलं होतं. दोन पोरं, आणि त्याची आई अंथरुणावर. ही नोकरी गेली की मी तिकडं जाणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

अब्बांचं, म्हणजे इमाम सायकलवाल्यांचं, बाजारपेठेत दुकान आहे. लोक म्हणतात, इमामच्या हातात जादू आहे. माणूस तापट, हट्टी आणि आपल्या कामापुढं कोणाचं काही न ऐकणारा. पण मी 'हो' लिहून आलेय म्हटल्यावर रागावले नाहीत. माझ्या पायाकडं न बघता म्हणाले, "एका पायाची सायकल करू. त्यात काय येवढं?"

आणि खरोखर केली. गोल फिरणारं पायडल काढूनच टाकलं. डाव्या बाजूला शिवणयंत्राच्या पावटीसारखी एक लांब दांडी बसवली. डाव्या पायानं ती खाली दाबायची, की साखळी ओढली जाऊन मागचं चाक फिरतं. पाय सैल सोडला, की स्प्रिंग दांडी वर आणते. उजवा पाय पुढं एका पट्टीवर सरळ ठेवून द्यायचा, त्याला काहीच काम नाही. त्या पायापुढं अब्बांनी पत्र्याचं एक झाकण बसवलं, हिरवा रंग देऊन. मी विचारलं, "ह्ये कशाला? उगंच वजन." तर म्हणाले, "चिखल उडतुय." नोव्हेंबरात कसला आलाय चिखल! पाय दिसू नये म्हणून ते झाकण होतं. मला कळलं.

घोड्यानं पेंड खाल्ली ती फ्रीव्हीलपाशी. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं ते दातेरी चक्र, जे पाय थांबले की टिकटिक करतं. जगातल्या सगळ्या सायकलींना ते उजवीकडं असतं आणि त्याचे आटे असे पाडलेले असतात, की जितका जोर लावाल तितकं ते घट्ट बसेल. आमचं आलं डावीकडं. म्हणजे जितका जोर लावाल तितकं ते सुटणार. पहिल्याच फेरीला वीस पावलांत फ्रीव्हील निघून गटारात गेलं.

फ्रीव्हील ज्यावर बसतं त्या चाकाच्या मधल्या हबला उलटे आटे पाडायला लेथचं यंत्र लागतं. अब्बांचे जुने दोस्त गुंडाकाका कुपवाडला लेथवर काम करतात. गुरुवारी अब्बांनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला.

"गुंडा, मागच्या हबला उलटं आटं पाडायचं हाईत."

"कुनाचं काम हाय?"

अब्बांनी माझ्याकडं पाठ केली. "हाय एक गिऱ्हाईक."

"मग चार दिस लागतील बघ. लय काम हाय हातात."

चार दिवस म्हणजे सोमवारची संध्याकाळ. परीक्षा सोमवारी अकराला. अब्बांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपन टाका मारू."

टाका म्हणजे वेल्डिंग. फ्रीव्हील हबलाच वितळवून जोडून टाकायचं, मग सुटायचा प्रश्नच नाही. मी सायकलवाल्याची पोर आहे. एवढं मलाही ठाऊक होतं, की फ्रीव्हीलच्या आत पोलादाच्या दोन चिमुकल्या जिभा असतात. त्यांना आमच्यात कुत्री म्हणतात. त्यांच्यामागं केसाएवढ्या तारेची स्प्रिंग असते. दाते धरून ठेवायचं काम त्यांचं. ती तार तापली की पोलादाचं पाणी उतरतं, ताठपणा जातो, आणि मग कुत्री ना भुंकतात ना धरतात. अब्बांनी ओलं फडकं गुंडाळून, थांबत थांबत, शुक्रवारच्या नमाजनंतर तीन टाके मारले. तेवढी काळजी आयुष्यात त्यांनी कुठल्या कामाची घेतली नसेल.

रविवारी सकाळी मी स्टेशनच्या रस्त्याला निघाले. काय सांगू! सात वर्षांनी वारा तोंडावर आला. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या एका मोटारसायकलवाल्यानं मान वळवून वळवून बघितलं आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही, कारण तो सायकल बघत होता. मी रस्त्यात मोठ्यानं हसले, अगदी वेड्यासारखी.

परत येताना उतारावर टिकटिक बारीक झाल्यासारखी वाटली.

"अब्बा, आवाज उतरलाय का वो?"

त्यांनी चाक उचलून फिरवलं, कान लावला. बराच वेळ लावला. "तेल जास्ती पडलंय. दुसरं काय न्हाई."

मला ते खरं वाटलं नाही. पण मी म्हणाले, "व्हय, तसंच आसंल." खरं वाटून घेण्याशिवाय माझ्याकडं दुसरं काय होतं?

सोमवारी आमच्या गल्लीतले हंबीरराव आल्याची पोती घेऊन पिकअपनं सांगलीला निघाले होते. पोत्यांवर सायकल आडवी टाकून आम्ही पोचलो. संस्थेच्या उमा मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी सायकलभोवती दोन चकरा मारल्या, दांडी हातानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत? स्वतः?" अब्बांची छाती अशी फुगली की मला वाटलं, आता बटणं तुटतात.

कृष्णाकाठच्या घाटापर्यंत उतरून जायचं आणि परत चढ चढून यायचं, एवढीच परीक्षा. उतरताना काही अडचण आली नाही. घाटापाशी वळून मी चढाला लागले. दाबलं, चाक फिरलं. दाबलं, फिरलं. चढाच्या मध्यावर दाबलं आणि पाय सटकन खाली गेला, जसा अंधारात नसलेल्या पायरीवर पडतो तसा. पुन्हा दाबलं. दांडी गेली, साखळी गेली, चाक जागेवर. टिकटिक नाही, काही नाही. सायकल मागं सरकायला लागली. मी डावा पाय टेकवला, ढकललं, पुन्हा बसले, पुन्हा दाबलं. सहा वेळा, सात वेळा. या अल्लाह, एकदाच धर, फक्त वरपर्यंत धर, मग तुकडे झाले तरी चालतील. कडेला चहा पीत उभा असलेला एक जण म्हणाला, "नाचता येईना..." आणि पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं. शेवटी मी सायकल ढकलत, सरळ पाय फरफटत वर आले. घामानं ओढणी चिकटली होती आणि मी रडत होते, सगळ्यांसमोर.

मॅडमना वाईट वाटलं, ते दिसत होतं. "नूरीन, यादी मी पाच वाजता पाठवते. तोवर सायकल नीट करून आणलीत तर पुन्हा बघेन. त्यापुढं माझ्या हातात नाही."

बारा वाजले होते. कुपवाड जवळच. रिक्षावाले सायकल घेईनात, म्हणून अब्बांनी नुसतं मागचं चाक काढलं आणि आम्ही ते मांडीवर घेऊन गेलो. गुंडाकाका नेमके जेवायला घरी गेलेले. दीड तास आम्ही बंद दारापुढं होतो. अब्बा येरझाऱ्या घालत होते आणि मी भिंतीला टेकून उभी, कारण पायरीवर बसले तर उठवायला माणूस लागतो.

काका आले. त्यांनी चाक उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला.

"टाका कुनी मारला ह्यो?"

"मी," अब्बा म्हणाले.

"आता ह्ये काढायला गेलं तर हबबी जातंय की! नवा हब आनायचा, आटं पाडायचं, सगळं चाक परत आवळायचं. रात व्हईल. नुसता हब आनून दिला आसता तर तासाभराचं काम हुतं, इमामभाई."

"तू चार दिस म्हनालास."

"चार दिस मी समद्यांनाच सांगतो. गिऱ्हाईक म्हनल्यावर काय सांगू?" तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. आधी तोंडाकडं, मग भिंतीला टेकून तिरक्या ठेवलेल्या पायाकडं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ह्या पोरीसाठी हुतं व्हय? आरं, मग सांगायचं न्हाई का? तुझ्या पोरीचं हाय म्हनला आसतास, तर हातातलं टाकून त्याच दिशी दिलं आसतं."

अब्बा पायरीवर बसले. त्यांनी खाली बघितलं आणि हातानं जमिनीवरचा लोखंडाचा कीस गोळा करायला लागले, उगीचच.

मला काय झालं कोणास ठाऊक. अब्बांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "सांगा की मग आता! सात वर्षं 'दुखतुय' म्हनताय. माझी लाज वाटती ना तुमाला? आता तरी सांगा त्यांना!"

लेथ बंद होता. शेजारच्या दुकानातला ग्राइंडरही कोणीतरी थांबवला.

"माझी पोरगी हाय," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "नूरीन. तिचा उजवा गुडघा वाकत न्हाई. कवाच वाकनार न्हाई."

काकांनी टेबलाखालून एक जुना हब काढला आणि लेथ सुरू केला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. हिशेब आम्हा तिघांनाही येत होता, पण कोणी थांबा म्हणालं नाही. अब्बा पान्हा घेऊन जुन्या चाकाच्या तारा सोडवायला बसले. पान्हा सारखा निसटत होता.

पाच वाजले, तिकडं यादी गेली असणार, तेव्हा आटे पाडलेल्या हबात निम्म्याच तारा बसल्या होत्या. शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन एक बाई आली. तिनं कोणाला काही विचारलं नव्हतं. तरी अब्बांनी मान वर केली आणि तिला सांगितलं, "माझी पोरगी हाय ही. तिचा गुडघा वाकत न्हाई."